चौथी पट्टी

सेलूत मला भाड्याची खोली मिळाली ती माझ्या अक्षरामुळं.

"नाव-गाव मागून सांगा. आधी हे लिहा," असं म्हणून घरमालकांनी जुन्या कॅलेंडरचा कागद उलटा करून माझ्यापुढं सरकवला. 'शुद्ध तुपातील मिठाई मिळेल.' मी लिहिलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि 'शुद्ध'वर बोट ठेवून बराच वेळ बघत राहिले.

"बरं हाय. लय जनांचं 'शुद्ध'च अशुद्ध निघतं. सामान कवा आनताय?"

मी तेव्हा तिथल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायला लागले होते. वर माझी खोली, खाली ते एकटे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी पुण्याला. सत्तरीला आलेला माणूस, अंगानं काटकुळा, नखांच्या कडांना कधीच न निघणारा रंग. सगळं गाव त्यांना पेंटर म्हणायचं, मी काका म्हणायचे. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवरची नावं, शाळांच्या भिंतींवरचे नकाशे, एके काळी सेलूत जे जे रंगलं ते त्यांच्या हातचं. फ्लेक्स आले आणि काम गेलं. ब्रश मात्र सुटला नाही. दुपारी बाजार पेंगलेला असताना ते एका हातात छोटा डबा आणि दुसऱ्या हातात स्टूल घेऊन निघायचे आणि दुसऱ्यांच्या पाट्यांवरचे ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करायचे. कुणाला न विचारता. एका औषधाच्या दुकानदारानं त्यांना स्टुलावर उभं असताना पकडलं.

"काय करायलात, पेंटर?"

"तुमची वेलांटी उलटी हाय."

"असू द्या की! गोळ्या तर सुलट्या हायेत!"

"वेलांटीत गलती करनारा गोळीत करनार न्हाई कशावरून?" काका म्हणाले आणि वेलांटी पुरी करूनच खाली उतरले.

असं हसण्यासारखं पुष्कळ होतं. पण त्यांच्या काही सवयी अशा होत्या की हसू यायचं नाही. बाहेरून आले की ते दारातच थांबायचे आणि दोन्ही खिसे उलटे करायचे. किल्ली, रुमाल, ब्रश पुसायची चिंधी, टेपचा तुकडा, जे असेल ते पायरीवर ओळीनं मांडायचे आणि बोट लावून मोजायचे. एकदा मोजून समाधान व्हायचं नाही. ओठ हलत राहायचे, चेहरा ताणलेला. मी जिन्यावरून 'काका, चहा?' म्हटलं तरी ऐकू जायचं नाही.

एकदा मी खोलीत पुस्तकांचं पार्सल बांधत होते. चिकटपट्टी फर्रकन ओढली तसा खालून आवाज आला. "थांबा! ते थांबवा!" धापा टाकत ते जिना चढून आले. दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले आणि विचारलं, "किती पट्ट्या लावल्या? मोजल्या का?"

मी गोंधळून म्हटलं, "पाच असतील."

"असतील न्हाई. मोजा."

मी मोजल्या. सहा निघाल्या. ते खाली गेले, पण मला त्यांची भीती वाटली ती त्या दिवशी पहिल्यांदा.

पुण्याच्या मुलीनं त्यांना कॉम्प्युटर पाठवला. जावयानं नवा घेतला म्हणून जुना इकडं. तो जुना आमच्या कॉलेजच्या लॅबमधल्या सगळ्या मशिनींहून भारी होता आणि त्यात पडद्यावर विमान उडवायचा खेळ, सिम्युलेटर, होता. टेबलाला लावायचा, विमान वळवायचा दांडाही सोबत आलेला. मला वाटलं, काका त्याच्यावर फडकं टाकून ठेवतील. पण त्यांनी मला चार दिवस प्रश्न विचारून भंडावलं आणि पाचव्या दिवसापासून रोज दुपारी चार वाजता इस्त्रीचा शर्ट घालून त्याच्यापुढं बसायला लागले.

मोठी विमानं त्यांनी कधी उघडलीही नाहीत. एकच विमान. दोन माणसांचं, नळ्यांच्या सांगाड्यावर कापड ताणलेलं, मोटारसायकलीला शोभेल एवढ्या इंजिनाचं. ते नकाशावर जवळच्या वालूर गावाबाहेरचं एक रान शोधायचे, विमान तिथं ठेवायचे आणि येलदरी धरणाच्या दिशेनं उडायचे. तीनशे फुटांवर पोचलं की थांबवायचे. चित्र गोठायचं. काका हात मांडीवर घेऊन त्या गोठलेल्या रानाकडं बघत बसायचे. मग बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"पुढं जा की, काका. येलदरीचं पाणी छान दिसतं त्यात."

"त्याच्या पुढं कुनी गेलंच न्हाई," ते म्हणाले.

मला त्याचा अर्थ कळला नाही. काही दिवसांनी त्यांनी विचारलं, "मॅडम, ह्याचा रंग बदलता येतो का? मला पिवळा पायजे. आन् नाकावर 'टिटवी'."

मग थोडंसं समजलं. पंचवीसेक वर्षांपूर्वी वालूरच्या त्यांच्या एका मित्रानं असंच विमान बाळगलं होतं. हवाई दलात मेकॅनिक होता, सुटून गावी आला, सुटे भाग आणून दीड वर्षात शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ते उभं केलं. दोन वर्षं हिंडून परवानगीचे कागद मिळवले. रंग काकांनी दिला.

"मग आता कुठंय ते?"

"पडलं," एवढंच बोलून काका उठून गेले.

सिम्युलेटरमधल्या विमानाला आपला रंग द्यायचा म्हणजे आधी त्याच्या अंगाचा सपाट नकाशा घ्यावा लागतो. पंख, नाक, शेपटी सगळं उलगडून एका चौकोनात पसरलेलं असतं. काकांनी तो पडद्यावर बघितला आणि लगेच म्हणाले, "हे तर शिंप्याचं काम हाय. बेतून ठिवलेलं कापड." त्यांनी अक्षरं कागदावर काढली, मी ती कॉलेजात स्कॅन करून त्या चौकोनात बसवली. मग चित्र सिम्युलेटरला चालेल अशा फाइलमध्ये बदलायचं, विमानाच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायचं आणि यादीच्या फाइलमध्ये प्रत्येक चित्राची नोंद करायची. यादीत एक नाव चुकलं तरी सगळं फुकट. पहिल्यांदा आमची टिटवी सिम्युलेटरला दिसलीच नाही. दुसऱ्यांदा दिसली, पण पांढरीफटक. तिसऱ्यांदा पिवळी आली आणि काका खुर्चीतून उठलेच. शेपटीच्या डाव्या बाजूला 'टिटवी' उलटी आली होती, आरशात दिसावी तशी. त्या विमानाच्या शेपटीच्या दोन्ही बाजू एकाच तुकड्यातून बनत होत्या, त्यामुळं एक बाजू सुलटी तर दुसरी उलटी येणारच. ते मी दोन दिवस समजावत होते.

"उलटी अक्षरं घेऊन माझं इमान उडनार न्हाई," काका म्हणाले. ते विमानाला इमानच म्हणायचे. शेवटी शेपटी कोरी ठेवली आणि नाव फक्त नाकावर घेतलं. नाकाच्या दोन बाजू सुदैवानं वेगळ्या होत्या.

तरी त्यांचं समाधान होईना. "पिवळा कुठं संपला अन् लाल पट्टा कुठं सुरू झाला, ते आठवत न्हाई मला."

"फोटो नाही का एखादा?"

"एक हाय. त्याच्याकडं."

"मग आणू की."

"मी तिकडं जात न्हाई."

"मी जाते."

ते नाही म्हणाले नाहीत. शनिवारी मी वालूरच्या बसमध्ये बसले.

वालूरला उतरून 'विमानवाल्यांचं घर' विचारलं तर हॉटेलात बसलेल्या दोघातिघांनी एकमेकांकडं बघून तोंडं वाकडी केली. "आमच्या पायलटचं व्हय? जा सरळ. जपून जा, वरून पडंल एखांदा." घर सापडलं. काकांचे ते मित्र, पायलटकाका, ओट्यावर तूर निवडत बसले होते. डावा पाय उजव्यापेक्षा आखूड, काठी शेजारी. सेलूच्या पेंटरांकडून आले म्हटल्यावर त्यांच्या हातातलं सूप थांबलं.

"बरा हाय का तो? इकडं येत का न्हाई? मी दवाखान्यातून आलो तवापासून एकदाबी आला न्हाई. माझ्या पडन्याची त्यानं लय हाय खाल्ली असंल."

आतून त्यांच्या बायकोनं चहा आणला. भिंतीवर फोटो होता. पिवळी टिटवी आणि तिच्या नाकाला टेकून उभा असलेला, पांढरा शर्ट घातलेला तरणाबांड माणूस. "त्याच सकाळचा हाय," पायलटकाका म्हणाले. "पाखरावानी उचललं तिनं. अन् वर गेल्यावर वेगाचा काटा पळत सुटला. दीडशे दाखवायला लागला. एवढा वेग तिला झेपत न्हाई, पंख फाटतेत. म्हनून मी इंजिन कमी केलं, नाक वर घेतलं. अन् वेग मरून बसली की खाली. लोक म्हनाले पिऊन चढला होता. मी आयुष्यात पेलो न्हाई, बाई. पन काटा पळाला म्हनलं तर ऐकतंय कोन? मग मलाच वाटाया लागलं, का आपली नजर हुकली. त्या दिसापासून मी ट्रॅक्टरबी चालवला न्हाई. आपल्याच हाताचा भरवसा ऱ्हायला न्हाई."

फोटो देताना त्यांनी एकच अट घातली. टिटवी तयार झाली की त्यांनाही दाखवायची. मी काकांना न विचारता कबूल केलं. पुढच्या रविवारी, दुपारी.

सोमवारी लॅबमध्ये मी तो फोटो जितका मोठा होईल तितका मोठा स्कॅन केला. पिवळा कुठं संपतो ते दिसलं. मग नाकाजवळ आले. पायलटकाकांच्या कोपरामागून एक बारीक नळी पुढं आली होती. ती नळी मला सिम्युलेटरमुळं माहीत होती. समोरून येणारी हवा तिच्यात शिरते आणि त्यावरून वेगाचा काटा चालतो; तिचं तोंड बंद असलं की विमान जसं वर जाईल तसा काटा उगाच चढत जातो. उडण्याआधी तिच्यावरचं झाकण काढायचं असतं, टिटवी तपासताना मी ते रोज माउसनं काढत होते. फोटोतल्या नळीचं तोंड मला गोल दिसायला हवं होतं. ते चपटं दिसत होतं. मी आणखी जवळ गेले. नळीच्या तोंडावर टेपचा तुकडा होता. नाकासोबत त्याच्यावरही पिवळा फवारा बसलेला, म्हणून नाकाच्या रंगात मिसळून गेलेला. पंचवीस वर्षं भिंतीवर असून कुणाला दिसला नव्हता.

रंगवायच्या आधी जे झाकायचं असतं त्याच्यावर पेंटर टेप लावतो. रंग झाल्यावर काढतो. मी तो तुकडा शेजारच्या रंगानं पुसून टाकला. एका मिनिटाचं काम होतं. नळी स्वच्छ दिसायला लागली. कुणालाच काही कळलं नसतं. मग मला ते ओट्यावरचे पायलटकाका आठवले, आणि मी पुसलेलं परत आणलं.

संध्याकाळी काकांपुढं पडद्यावर तो फोटो उघडला. मग तो मोठा करत गेले. नळी दिसायला लागली तसा त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "बास."

मग तो हात त्यांनी स्वतःच्या खिशावर नेला.

"चार लावल्या होत्या," ते म्हणाले. "दोन काचंवर, एक पेट्रोलच्या झाकनावर, एक नळीवर. तो घाई करायलता. वारं पडलंय, आत्ताच उडतो म्हनला. मी भराभरा ओढल्या अन् खिशात कोंबल्या. तो वर गेल्यावर खिसा मोकळा केला. तीनच निघाल्या. वर बघून हात हालवलो, बोंबललो. त्याला वाटलं असंल मी आनंदानं नाचायलोय."

"नंतर का नाही सांगितलं?"

"रानात जाऊन नळी हुडकली असती तर समजलं असतं. मी गेलोच न्हाई हुडकायला. लोकांनी नळ्या, कापड, सगळं उचलून नेलं. मला बरंच वाटलं. तीन दिसांनी वाटलं, आता सांगितलं तर म्हनतील तवा का न्हाई बोलला. मग महिना झाला. मग वरीस."

"ते रविवारी येतायत," मी म्हटलं. "मी बोलावलंय."

मला वाटलं ते चिडतील. ते म्हणाले, "मग नळी बंद करता येती का ह्यात?"

येत होती. सिम्युलेटरमध्ये मुद्दाम बिघाड घडवायची सोय असते. पण मी भडकले. "तुम्ही त्यांना पुन्हा पाडणार? आखूड पायाच्या माणसाला बसवून? सरळ तोंडानं सांगा!"

"तोंडानं सांगितलं तर तो म्हनंल, जाऊ दे पेंटर, झालं गेलं. त्याचा सोभावच तसा हाय. मला सुटायचं न्हाई, मॅडम. त्याचा हात खोटा नव्हता, हे त्याला त्याच्याच हातानं कळाया पायजे."

त्या आठवड्यात मी त्यांच्याशी नीट बोलले नाही. टिटवी मात्र पुरी केली, आणि नळीचा बिघाडही लावून ठेवला. पायलटकाका येण्याच्या तासभर आधी ती पुन्हा पांढरी दिसायला लागली. सकाळी शेवटची दुरुस्ती करताना मी यादीत एका चित्राची नोंद विसरले होते. ते सापडेपर्यंत तास गेला. नोंद केली, सिम्युलेटर बंद करून पुन्हा सुरू केला. तो उघडत होता तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबली आणि काठीचा आवाज आला. काका दाराकडं गेले नाहीत. भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

पायलटकाका आत आले, काकांकडं बघून हसले, तेवढ्यात पडदा उजळला. वालूरच्या रानात पिवळी टिटवी उभी होती. लाल पट्टा, नाकावर नाव. पायलटकाका पुढं गेले आणि पडद्यावरच्या अक्षरांना त्यांनी बोट लावलं.

"आज तू उडीव," काका म्हणाले.

"नगं रे. माझा हात..."

"उडीव."

ते बसले. दांडा त्यांनी एकदा धरून सोडला, पुन्हा धरला. टिटवी पळायला लागली तसा हात स्थिर झाला. तिनं रान सोडलं. शंभर फूट. दोनशे. मी काकांकडं बघितलं. ते पडद्याकडं बघत नव्हते, त्या हाताकडं बघत होते. आणि वेगाचा काटा सरसर वर चढला.

"हे बघ! हे बघा!" पायलटकाका ओरडले. "असंच! अगदी असंच झालतं!" इंजिन कमी झालं, नाक वर गेलं, टिटवी क्षणभर लटकली आणि कोसळली. पडदा थांबला. ते खुर्चीत मागं रेलले, कपाळावर घाम. "म्हंजी काटा खरंच पळाला होता. माझी नजर न्हाई हुकली. पन का पळाला?"

काकांनी फोटो त्यांच्या मांडीवर ठेवला, नळीवर बोट ठेवलं आणि सांगितलं. चार लावल्या, तीन निघाल्या. हुडकायला गेलो न्हाई. एकही शब्द मऊ केला नाही.

पायलटकाकांनी फोटो पालथा घातला. काठी घेतली आणि अंगणात गेले. आम्ही दोघं आत उभे. काका जागचे हलले नाहीत. अंगणातून काठी आपटल्याचा आवाज येत होता, एक, दोन, मग थांबून पुन्हा. मला वाटलं, आता ते रिक्षा बोलावून निघून जातील आणि हे संपेल.

ते आत आले. माझ्याकडं बघून म्हणाले, "ती पट्टी काढा, बाई."

मी बिघाड काढला. ते पुन्हा बसले, पुन्हा उडाले. तीनशे फुटांच्या पुढं गेले, येलदरीच्या पाण्यावरून वळले आणि परत येऊन टिटवी रानात उतरवली. चाकं टेकताना धक्काही बसला नाही. मग उठून त्यांनी काकांकडं बघितलं.

"माफी मागू नगं. मला देता यायची न्हाई. गुरुवारी वालूरचा बाजार असतो. बसस्टँडासमोरच्या हॉटेलात ये. मला सांगितलंस तसंच तिथं सांग."

गुरुवारी मी रजा टाकून काकांबरोबर गेले. ते इस्त्रीच्या शर्टात होते. हॉटेल गच्च भरलेलं. पायलटकाका कोपऱ्यातल्या बाकावर. काका मधोमध उभे राहिले आणि त्यांनी पाट्या रंगवायच्या तशा सावकाश, एक-एक अक्षर नीट काढत, सगळं सांगितलं. कुणीतरी हसलं, पण त्याच्या शेजारच्यानं त्याला गप्प केलं. एक म्हातारा म्हणाला, "आन् आमी ह्याला एवढी वरसं बेवडा म्हनलो."

"पेंटरनं पट्टी ठिवली," पायलटकाका बाकावरूनच म्हणाले. "पन उडायच्या आधी नळी बघायचं काम माझं होतं. तेबी ऐकून घ्या."

परतीच्या बसपर्यंत ते काठी टेकत आमच्यासोबत आले. काका बसमध्ये चढले, खिडकीशी बसले. कंडक्टरनं घंटी दिली, तेव्हा पायलटकाका खिडकीजवळ आले आणि काकांकडं न बघता मला म्हणाले, "उजवीकडं वळताना टिटवी जड जायलीय. रविवारी येऊन बघावं लागंल."

काकांनी खिडकीचा गज धरला. बस हलली होती.

"चारला ये," ते म्हणाले.